आईची विचारक्षमता आणि तान्ह्याची समज : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

आईची विचारक्षमता आणि बाळाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली बौद्धिक वाढ यांचा संबंध आढळतो, याबद्दल मानसशास्त्रात आता फारसा वाद नाही. वाद आहे तो या संबंधाचा अर्थ काय लावायचा याबद्दल. एक मत असे की आईचे विचारकौशल्य तिच्या रोजच्या वागण्यातून बाळापर्यंत पोहोचते आणि त्याची समज घडवते. दुसरे मत असे की आई आणि मूल यांच्यातले हे साम्य बरेचसे जनुकांचे आणि परिस्थितीचे असते, आणि त्याचे श्रेय किंवा खापर आईच्या डोक्यावर ठेवणे चुकीचे आहे. शास्त्रग्रंथांच्या रीतीने पहिल्या मताला येथे पूर्वपक्ष आणि दुसऱ्याला उत्तरपक्ष म्हटले आहे. त्या ग्रंथांत उत्तरपक्षाचा विजय आधीच ठरलेला असे. येथे तसे काही ठरलेले नाही.

‘विचारक्षमता’ हा शब्द सैल आहे. या विषयातल्या संशोधनाचा रोख आईच्या पदवीवर किंवा पाठांतरावर नसून मानसशास्त्र जिला कार्यकारी क्षमता म्हणते तिच्यावर असतो. अकिरा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये तिचे तीन घटक वेगळे करून दाखवले. हातातल्या कामाला लागणारी माहिती मनात धरून ती सतत ताजी ठेवणे, म्हणजे कार्यस्मृती, हा पहिला. तोंडावर आलेला शब्द किंवा होऊ घातलेली कृती आवरणे हा दुसरा. एका कामावरून दुसऱ्यावर किंवा फसलेल्या युक्तीवरून नव्या युक्तीवर वळणे हा तिसरा. रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन कुकरच्या शिट्ट्या मोजणारी आणि त्याच वेळी मोठ्या मुलाच्या डब्याचे ठरवणारी बाई तिन्ही एकदम वापरत असते. प्रयोगशाळेतल्या चाचण्या याच्यापुढे सोप्या म्हणाव्या लागतील.

तान्ह्याची समज मोजणे जास्त अवघड, कारण त्याला विचारता येत नाही. झां पियाजे यांच्या निरीक्षणांतून आलेली एक युक्ती आजही वापरली जाते. बाळाच्या देखत खेळणे एका कापडाखाली लपवतात आणि ते बाळ शोधून काढते. दोन-तीनदा असे झाल्यावर, पुन्हा त्याच्या देखतच, खेळणे शेजारच्या दुसऱ्या कापडाखाली ठेवतात. आठ-नऊ महिन्यांचे बाळ तरीही पहिल्या कापडाकडेच हात नेते. अ‍ॅडेल डायमंड यांनी २५ बाळांना दर दोन आठवड्यांनी तपासून १९८५ मध्ये दाखवले की लपवणे आणि शोधणे यांच्यामध्ये साडेसात महिन्यांच्या बाळाला दोन सेकंदांचाही खंड सहन होत नाही. वर्षाचे होईतो ते दहा सेकंदांहून अधिक खंड पडला तरी चुकत नाही. दरमहा सुमारे दोन सेकंदांची ही वाढ म्हणजे माहिती मनात धरण्याची आणि सवयीने जाणारा हात आवरण्याची वाढ. आईत जे मोजले जाते त्याचाच हा पहिला अंकुर आहे. सर्वसाधारण वाढ मोजण्यासाठी मात्र मोठ्या मापनश्रेणी लागतात. बेली मापनश्रेणीच्या धर्तीवर प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांसाठी तशी श्रेणी घडवली. तिच्या १९९७ च्या सुधारित रूपात बौद्धिक वाढीच्या १६३ आणि हालचालींच्या ६७ बाबी तपासल्या जातात, अडीच वर्षांच्या मुलापर्यंत.

पूर्वपक्ष : या दोन मोजमापांची सांगड घालणारा पुरावा आहे. किंबर्ली क्यूव्हास, मार्था अ‍ॅन बेल आणि सहकाऱ्यांनी ६२ आई-मुलांच्या जोड्यांचा मुले दहा महिन्यांची असल्यापासून चार वर्षांची होईपर्यंत अभ्यास केला आणि निष्कर्ष २०१४ मध्ये मांडले. ज्या आयांची कार्यकारी क्षमता चांगली, त्यांच्या मुलांचीही तिसऱ्या वर्षी चांगली होती. आईचे शिक्षण आणि मुलाची भाषा हिशेबात धरल्यावरही हा संबंध उरला. शिवाय या संबंधाचा एक भाग आईच्या वागण्यातून, म्हणजे ती मुलावर किती खेकसते, त्याच्यात किती ढवळाढवळ करते यातून जाणारा होता.

उत्तरपक्ष : त्याच अभ्यासात दुसऱ्या वर्षाचे चित्र निराळे आहे. त्या वयात मुलाच्या क्षमतेचा संबंध आईच्या क्षमतेशी दिसला, पण तिच्या वागण्याशी दिसला नाही. वागण्यातूनच सारे पोहोचत असते तर वागणे आधी दिसायला हवे होते. वागण्याचा मागमूस नसताना साम्य दिसते, तेव्हा पहिला संशय जनुकांवर जातो. नेओमी फ्रीडमन आणि मियाके यांनी २००८ मध्ये कोलोरॅडोतल्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यकारी क्षमतेच्या तिन्ही घटकांत जो समान गाभा असतो, त्यातले व्यक्ती-व्यक्तींमधले फरक जवळजवळ संपूर्णपणे आनुवंशिक निघाले.

पूर्वपक्ष : ती जुळी मिसरूड फुटण्याच्या वयाची होती. बौद्धिक क्षमतेतला आनुवंशिकतेचा वाटा तान्हेपणी कमी असतो आणि वयाबरोबर वाढत जातो, हे जुळ्यांच्याच अभ्यासांनी वारंवार दाखवले आहे. सतरा वर्षांच्या मुलावरून काढलेला आकडा सतरा महिन्यांच्या बाळाला लावता येत नाही.

हा मुद्दा रास्त आहे, आणि तो दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. आनुवंशिकतेचा वाटा वयाबरोबर वाढतो याचा अर्थ असाही होतो की तान्हेपणी आईच्या वागण्यातून आलेला फरक पुढे विरून जाऊ शकतो. कोलोरॅडोतच १९७५ च्या सुमारास सुरू झालेल्या दत्तक मुलांच्या दीर्घ अभ्यासात तसे आढळले. लहानपणी दत्तक आईवडिलांशी जे थोडे बौद्धिक साम्य दिसत होते, ते मुले सोळा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ नाहीसे झाले. ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते त्या जन्मदात्यांशी असलेले साम्य मात्र वाढत गेले.

पूर्वपक्ष : पण जनुके आणि संगोपन अशी सरळ वाटणीच करता येत नाही. आइसलँडमधल्या २०१८ च्या अभ्यासात ऑगस्टीन काँग यांच्या गटाने आईवडिलांची अशी जनुके तपासली, जी मुलाला मिळालेलीच नाहीत. तरीही त्यांचा मुलाच्या शिक्षणावर परिणाम दिसला, आणि तो मिळालेल्या जनुकांच्या परिणामाच्या सुमारे ३० टक्के होता. जे रक्तातून आले नाही, ते घरातल्या वातावरणातून आले असणार. आईचा स्वभाव आणि तिची विचारपद्धती तिच्या जनुकांनी घडलेली असेल; तीच पुढे बाळाचे वातावरण होते.

उत्तरपक्ष : आणि वडिलांचीही. त्या अभ्यासात मातेचा वाटा पित्यापेक्षा वेगळा काढण्याजोगा नव्हता. मग शीर्षकात आईच का?

या प्रश्नाचे खरे उत्तर शास्त्रीय नाही. दिवसा प्रयोगशाळेत बाळाला घेऊन येणारी व्यक्ती बहुतेक वेळा आई असते, म्हणून तिच्यावरची माहिती साठत गेली. वडील, आजी, आत्या किंवा पाळणाघरातली ताई यांच्या कार्यकारी क्षमतेवर त्या मानाने फारच थोडे काम झाले आहे. या लेखातही पुढे ‘आई’ म्हटले असले तरी पुरावा अनेकदा ‘बाळाला सर्वाधिक वेळ सांभाळणारे माणूस’ इतकेच सांगतो.

याचा सर्वांत स्पष्ट, आणि सर्वांत क्लेशकारक, दाखला रुमानियातला आहे. बुखारेस्टच्या अनाथालयांत वाढणाऱ्या १३६ बाळांचा अभ्यास २००० पासून चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी केला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने निम्म्या मुलांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवले गेले. उरलेली नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबांत गेलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८१ होता, संस्थेत राहिलेल्यांचा ७३. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांचा फायदा अधिक होता. सांभाळणाऱ्या बाया त्या मुलांच्या रक्ताच्या कोणी नव्हत्या, त्यामुळे येथे जनुकांची सबब चालत नाही. पूर्वपक्ष या आकड्यांत संगोपनाची ताकद पाहतो. उत्तरपक्षाला त्यात जन्मदात्या आईवाचूनही काम भागते याचा पुरावा दिसतो. शिवाय ८१ म्हणजे सरासरीच्या बरेच खाली, हेही तो नोंदवतो. दोघांचेही वाचन बरोबर आहे. मात्र अनाथालय आणि घर यांच्यातली दरी प्रचंड असते, आणि दोन साध्या घरांतल्या दोन साध्या आयांमधला फरक त्या मापाने मोजता येत नाही, ही मर्यादा दोघांनाही लागू आहे.

साध्या घरांतला फरक पाहायचा तर दिवसातल्या बारीकसारीक देवाणघेवाणीकडे वळावे लागते. दहा-अकरा महिन्यांचे बाळ भाताचा घास स्वतः उचलू पाहते. निम्मा भात खाली सांडतो. त्या क्षणी आईला बऱ्याच गोष्टी एकदम कराव्या लागतात. लादी पुसावी लागणार हा वैताग बाजूला ठेवावा लागतो, चटकन पुढे जाणारा हात मागे घ्यावा लागतो, बाळ नेमके काय करू पाहत आहे हे ओळखावे लागते, आणि चमचा जमत नसेल तर वाटी जरा तिरकी धरून द्यावी असे सुचावे लागते. यातले प्रत्येक पाऊल कार्यकारी क्षमतेच्या एकेका घटकावर उभे आहे. आईने घास हिसकावून भरवला तर पोट भरते, पण बाळाच्या वाट्याचा प्रश्न बाळाने सोडवायचा राहून जातो.

पूर्वपक्ष : नेमके हेच अ‍ॅनी बर्निये, स्टेफनी कार्लसन आणि नताशा व्हिपल यांनी मॉन्ट्रियलमधल्या ८० कुटुंबांत तपासले. मुले बारा ते पंधरा महिन्यांची असताना आईच्या वागण्याच्या तीन बाजू पाहिल्या. बाळाच्या खुणांना ती किती नेमका प्रतिसाद देते, बाळाच्या मनात काय चालले असेल ते किती बोलून दाखवते, आणि बाळाला स्वतः करू देऊन लागेल तेवढाच हात कसा लावते. २०१० च्या त्या लेखात दीड आणि सव्वादोन वर्षांच्या आसपास मुलांची कार्यकारी क्षमता कशी असेल याचा सर्वांत चांगला अंदाज तिसऱ्या बाजूवरून बांधता आला. आईचे शिक्षण आणि मुलाची सर्वसाधारण बौद्धिक पातळी वजा केल्यावरही तो टिकला.

उत्तरपक्ष : जी आई आपला हात आवरू शकते, ती आवरण्याची जनुकेही मुलाला देते. तो अभ्यास हा गुंता सोडवत नाही. शिवाय मुलेही आयांना घडवतात. शांतपणे चमच्याशी झटापट करणाऱ्या बाळाची आई हात मागे घेऊ शकते. ताट भिरकावणाऱ्या बाळाची आई कितीही हुशार असली तरी घेऊ शकत नाही.

पूर्वपक्ष : या दुसऱ्या शंकेवर जुळ्यांच्या आयांनी उत्तर दिले आहे. कर्बी डीटर-डेकार्ड यांच्या गटाने २०१० मध्ये प्रत्येक आईला तिच्या दोन्ही जुळ्यांबरोबर वेगवेगळे काम करायला लावले. मुले तान्ही नव्हती, थोडी मोठी होती, पण रचना उपयोगी होती, कारण आई तीच आणि मुले दोन. एक जुळे त्रास देणारे आणि दुसरे शहाणे असेल तर आईचा राग त्या प्रमाणात वरखाली होतो का, हे पाहिले. ज्यांची कार्यस्मृती कमजोर होती, त्यांच्या बाबतीत तो ठळकपणे होत होता. चांगली कार्यस्मृती असलेल्या आया त्रासाला तितक्याच त्राग्याने उत्तर देत नव्हत्या. तेव्हा मूल आईला ओढते हे खरे, पण किती ओढेल ते आईच्या डोक्यात त्या क्षणी किती जागा आहे यावर ठरते.

हा शेवटचा शब्दप्रयोग जपून ठेवण्याजोगा आहे. ‘त्या क्षणी किती जागा आहे’ हे म्हणणे आणि ‘आई किती हुशार आहे’ हे म्हणणे एकच नव्हे. एलिझाबेथ माइन्स यांच्या कामातही हा फरक येतो. सहा महिन्यांच्या बाळाशी खेळताना आई त्याच्या मनातले ओळखून बोलते का, म्हणजे ‘कंटाळा आला वाटतं याचा’ किंवा ‘मघाचा चेंडू आठवला का?’ असे काही, आणि ते बाळाच्या वागण्याशी जुळणारे असते का, हे त्यांनी नोंदवले. २००१ मध्ये त्यांनी दाखवले की अशा जुळणाऱ्या बोलण्यावरून वर्षाच्या वयात बाळाची आईशी जडणारी ओढ किती निर्धास्त असेल याचा अंदाज येतो. न जुळणारे बोलणे, जसे दंग होऊन खेळणाऱ्या बाळाला ‘कंटाळलास ना?’ म्हणणे, वेगळे मोजावे लागले. म्हणजे बाळाकडे पाहण्याइतकी उसंत असणे ही यातली पहिली अट आहे.

उत्तरपक्षाला मात्र या सगळ्या दिशेचीच भीती वाटते, आणि त्या भीतीला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात स्वमग्नतेचे मूळ आईच्या थंडपणात आहे असे अमेरिकेत सांगितले जात होते. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकाने त्या मताला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. सुसान फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी १९७७ मध्ये २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास मांडला. एकबीज जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न होते, द्विबीज जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत नव्हते. आनुवंशिकतेचा पुरावा त्यानंतर वाढतच गेला आणि तो सिद्धांत गळून पडला, पण तोवर हजारो आयांनी स्वतःला गुन्हेगार मानले होते. महाराष्ट्रात गर्भसंस्काराच्या नावाने चालणारे वर्ग हे त्याच वृत्तीचे गोड रूप म्हणता येईल. आईने अमुक ऐकले, अमुक चिंतले की मूल बुद्धिमान होईल, या दाव्याला आधार नाही. नवजात बाळ आईचा आवाज ओळखते हे अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवले, पण आवाज ओळखणे वेगळे आणि त्याने बुद्धी वाढणे वेगळे.

उत्तरपक्ष : शिवाय चांगली आई कशी असते याचे माप कोणत्या घरातून घेतले? रॉबर्ट लव्हाइन यांनी १९७० च्या दशकात केनियातल्या गुसी समाजाचा अभ्यास केला. तिथल्या आया बाळ रडताच उचलत, जवळ ठेवत, पण त्याच्याशी फारसे बोलत नसत आणि डोळ्याला डोळाही फारसा भिडवत नसत. बाळ निर्धोक आणि शांत राहणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. बोस्टनसारख्या अमेरिकी शहराच्या मापाने या आया कमी पडतात. बार्बरा रोगॉफ आणि जयंती मिस्त्री यांच्या १९९३ च्या तौलनिक अभ्यासात भारतातल्या ढोल-की-पट्टी या आदिवासी गावातली मुले आणि ग्वाटेमालातल्या सॅन पेद्रोची माया मुले मोठ्यांच्या कामाकडे लक्ष देऊन, कोणी मुद्दाम न शिकवता शिकताना दिसली. सांभाळणारी मोठी माणसे मुलाकडे आणि स्वतःच्या कामाकडे एकाच वेळी लक्ष ठेवत. अमेरिकी मध्यमवर्गीय आई एक सोडून दुसरे करत होती. मग कोणाची कार्यकारी क्षमता जास्त म्हणायची?

पूर्वपक्ष : लव्हाइन यांनीच मेक्सिकोतल्या कुएर्नावाका शहरात पाहिले की जास्त शाळा शिकलेल्या आया बाळाच्या आवाजाला बोलून उत्तर देत होत्या.

उत्तरपक्ष : शाळेने त्यांची बुद्धी वाढवली म्हणून नव्हे, तर शाळेत प्रश्न-उत्तराचा एक साचा अंगवळणी पडतो आणि तो घरी येतो म्हणून, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. साचा शिकता येतो. आणि नुसत्या शाळेचे म्हणाल, तर नॉर्वेत १९६० च्या दशकात सक्तीचे शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेले गेले. त्या कायद्यामुळे जास्त शिकाव्या लागलेल्या आईवडिलांची मुले त्यामुळे फारशी जास्त शिकली नाहीत, असे सँड्रा ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले. आया आणि मुलगे यांच्यात तेवढा थोडा परिणाम सापडला.

शब्दांच्या मोजणीचा वादही याच वळणाने गेला. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी कॅन्सस सिटीतल्या ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून १९९५ मध्ये ३ कोटी शब्दांच्या तफावतीचा हिशेब मांडला. गरीब घरातले मूल चार वर्षांचे होईपर्यंत सधन मुलापेक्षा तेवढे कमी शब्द ऐकते, असा तो हिशेब होता. घरातल्या इतर माणसांचे बोलणेही मोजले तर ही दरी बरीच बदलते, असे डग्लस स्पेरी यांच्या गटाने पुढे दाखवले. रेचल रोमिओ यांच्या २०१८ च्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूतल्या भाषाकेंद्राचा संबंध ऐकलेल्या शब्दांच्या ढिगाशी नव्हता, मूल आणि मोठे माणूस यांच्यातल्या आळीपाळीच्या बोलण्याशी होता. बुवा-कुक खेळताना किंवा बोटांची गाणी म्हणताना अक्षर न ओळखणारी आजीही ही आळीपाळी पाळते.

आता उरतो तो आईच्या डोक्यातल्या जागेचा प्रश्न. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शाफिर आणि जियाइंग झाओ यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात तंगीत असताना, आणि उसाचे पैसे आल्यावर, अशा दोन वेळा चाचण्या दिल्या. तीच माणसे आधीच्या वेळी कमी पडली. हा लेख २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. उत्तरपक्षाचा सारा भर येथे आहे. चाचणीत आईची ‘क्षमता’ म्हणून जे मोजले जाते, त्यात रात्रीची झोप, घरातली उधारी आणि अंगातले रक्त हेही मोजले जाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पूर्वपक्ष आठवण करून देतो की तामिळनाडूतली तपासणी शेतकऱ्यांची होती, तान्ह्यांच्या आयांची नव्हे, आणि अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर केलेल्या २०१६ च्या अशाच तपासणीत असा फरक दिसला नाही. तंगीचा परिणाम किती आणि कोणावर, हे अजून पक्के झालेले नाही.

तरीही उत्तरपक्षाचे म्हणणे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईकडे पाहिले की हवेतले वाटत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, पहाटेपासून फड चालतो, आणि तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत असते. ते रडले तर मोळी टाकून जायचे की नाही हा निर्णय तिच्या कार्यस्मृतीचा नसतो. उलट बाजूने पाहिले तर पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवण्याची आणि सव्वा महिना कामाला न लावण्याची रीत बाळंतिणीचे डोके मोकळे ठेवण्याची व्यवस्था म्हणूनही पाहता येते. तिच्यात सोवळेओवळे आणि कोंडून ठेवणे होतेच, पण मालिश, अंघोळ आणि स्वयंपाक दुसरे कोणी करत असे.

आईला काही शिकवून बाळाची समज वाढते का, याचे उत्तर जमैकात मिळाले. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८६–८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली उंची खुंटलेली १२९ बाळे निवडली. ९ ते २४ महिन्यांच्या या बाळांचे चार गट पाडले. एकाला पोषक आहार, एकाला दर आठवड्याला तासभर घरी येणारी आरोग्यसेविका, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. सेविका घरगुती टाकाऊ वस्तूंची खेळणी आणून आईला बाळाशी कसे खेळायचे ते दाखवत असे. दोन वर्षे हे चालले. वीस वर्षांनी, पॉल गर्टलर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या लेखानुसार, ज्यांच्या घरी सेविका येत होती त्यांची कमाई २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा दीर्घ परिणाम दिसला नाही. हीच रीत पुढे ओडिशात आली. तिथल्या १९२ गावांतल्या चाचणीत घरी जाऊन शिकवणे आणि आयांना गटात बसवून शिकवणे यांचा मुलांच्या समजेवर जवळपास सारखाच चांगला परिणाम झाला, आणि गटाचा खर्च बराच कमी आला. निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

पूर्वपक्ष : आईचे वागणे बदलले आणि मूल बदलले. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते, म्हणून जनुकांचा प्रश्नच येत नाही. कारण आणि परिणाम यांचा याहून सरळ पुरावा मिळणार नाही.

उत्तरपक्ष : वागणे बदलले, विचारक्षमता नव्हे. आयांची कार्यस्मृती वाढवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, आणि तिची गरजही पडली नाही. कोणी तरी दर आठवड्याला येऊन विचारपूस करणे, खेळणे देणे, ‘असं करून पाहा’ म्हणणे एवढे पुरले. त्यामुळे आईची क्षमता आणि मुलाची समज यांचा सहसंबंध कितीही खरा असला, तरी हात घालण्याची जागा ती नाही.

येथे पूर्वपक्ष बराच मागे येतो. आईची क्षमता ही बाळाच्या वाढीची थेट चावी आहे हा दावा त्याला सोडावा लागतो. प्रतिसाद, वेळ आणि हात आवरणे यांतून ती काम करते, आणि हे सारे कमी क्षमतेच्या माणसालाही शिकता येते, एवढे तो धरून ठेवतो. उत्तरपक्षालाही जनुकांच्या आडोशाला राहता येत नाही, कारण बुखारेस्ट आणि किंग्स्टनचे पुरावे त्याच्या विरुद्ध जातात. पुराव्याचा तोल पाहता आईच्या क्षमतेपेक्षा तिच्यावरचा भार हा अधिक फलदायी विषय ठरतो. भार उतरवता येतो आणि त्याचा परिणाम तपासता येतो.

भार कसा उतरवावा यावर दोघांचे अजून जुळत नाही. पूर्वपक्षाचा कल शिकवण्याकडे आहे. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला, त्यानुसार अंगणवाडी सेविकेने घरभेटीत आईला बाळाशी करायचे खेळ दाखवायचे आहेत. ही दिशा त्याला बरोबर वाटते. उत्तरपक्षाच्या मते आधीच दमलेल्या आईला आणखी एक गृहपाठ देण्याआधी पाळणाघर द्यावे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर मिळाले, पण ते नोकरदार स्त्रीला. फडावरच्या बाईला नाही. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच मुले असली की ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायची तरतूद करण्यात आली होती. पूर्वपक्षाला त्यावर एकच पुरवणी सुचवायची आहे : जिला नेमले जाईल, तिला किंग्स्टनच्या सेविकेसारखे शिकवून नेमावे.